रेनेसाँच्या काळातला उंची पोशाख कसा रेखाटावा

साडी नेसलेली बाई काढायचा सराव असलेला हात युरोपातला जुना सरदारी पोशाख काढायला बसला, की हमखास एक चूक करतो. दिसेल तिथे चुण्या काढतो. साडी अंगावरून उतरते, वळते, अंगाचा आकार घेते. रेनेसाँच्या, म्हणजे युरोपातल्या प्रबोधनाच्या काळातले, सोळाव्या शतकातले इटालियन दरबारी कपडे याच्या उलट वागतात. ते ताठ आणि जड असतात, अंगालाच आपल्या साच्यात बसवतात. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

नमुना एकच घ्या

दहा चित्रांतून दहा गोष्टी उचलल्या तर झगा एका काळाचा, बाही दुसऱ्या काळाची आणि टोपी तिसऱ्या देशाची असं कडबोळं होतं. आपण एकच चित्र घेऊ. ब्रोन्झिनो या चित्रकाराने 1545 च्या सुमारास एलिओनोरा दि तोलेदो आणि तिचा लहान मुलगा जोव्हान्नी यांचं व्यक्तिचित्र रंगवलं. ते इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात आहे. एलिओनोरा ही नेपल्सच्या स्पॅनिश व्हाइसरॉयची मुलगी. 1539 मध्ये तिचं फ्लॉरेन्सचा ड्यूक कोझिमो दे मेदिची याच्याशी लग्न झालं. चित्रात चेहऱ्याआधी झगाच डोळ्यांत भरतो: पांढऱ्या साटीनवर काळ्या मखमलीची वेलबुट्टी आणि जरीची डाळिंबं. फ्लॉरेन्स हे रेशमाच्या धंद्यावर पोसलेलं शहर, त्यामुळे मला तर हे चित्र म्हणजे तिथल्या विणकरांची जाहिरातच वाटते.

या झग्याबरोबरच तिला पुरलं, अशी समजूत बरीच वर्षं होती. ती खरी नव्हती. तिची कबर 1857 मध्ये उघडली गेली. आत सापडलेला झगा साटीनचा असला, तरी तो वेगळा आहे. त्याचे अवशेष फ्लॉरेन्सच्याच पित्ती राजवाड्यात जपले आहेत. त्यांचे फोटो मिळाले तर जरूर पाहा. रंगवलेल्या कापडावर शिवण शोधावी लागते, खऱ्या कापडावर ती दिसते.

साहित्य

ए3 कार्ट्रिज पेपर, एचबी आणि टूबी पेन्सिल, ट्रेसिंग पेपर, पोस्टर कलर, एक मध्यम आणि एक शून्य नंबरचा ब्रश. एवढं पुरे.

आधी ठोकळा, मग माणूस

नाकडोळे विसरून बाह्याकृती काढा. धड म्हणजे कमरेकडे निमुळता होत गेलेला पेला. छातीचा उठाव दाखवू नका, चोळीचा भाग तो सपाट दाबून टाकतो. कंबरेची रेघ समोर किंचित खाली उतरते. त्याखाली उपडी घातलेली मोठी टोपली, म्हणजे घेर. मूळ चित्रात एलिओनोरा बसलेली आहे आणि पाय चौकटीबाहेर आहेत, तेव्हा उभी आकृती काढायची असेल तर खालचा घेर तुम्हालाच कल्पावा लागेल. तो जमिनीपर्यंत सरळ पडू द्या.

पुरुष काढायचा असेल तर ठोकळा बदलतो. होल्बाइन या चित्रकाराने 1537 मध्ये लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचं भित्तिचित्र काढलं होतं. ते 1698 च्या आगीत गेलं, पण त्याच्या नकला उरल्या आहेत. त्यात राजा जवळजवळ चौकोनी दिसतो: फुगवलेल्या बाह्या, रुंद खांदे आणि खाली पायांना चिकटलेले मोजे.

आतून बाहेर या

सगळ्यात आत पांढरा लिननचा अंगरखा, इटालियनमध्ये कामिचा. आपल्या कमीजचा हा नातलगच. तो गळ्याशी आणि मनगटाशी जेमतेम डोकावतो. त्यावर चौकोनी, रुंद गळ्याचा झगा. उघड्या खांद्यांवर सोनेरी जाळी, तिच्या गाठींवर मोती. केसांवरही तशीच जाळी.

बाहीपाशी थांबा, कारण बहुतेक जण इथेच घसरतात. त्या काळी बाही बहुधा वेगळी शिवून खांद्याला बंदांनी बांधत. बाराबंदीचे बंद आठवा. म्हणून खांदा आणि बाही यांच्यामध्ये सांधा दिसला पाहिजे. एकसंध नळी काढलीत की पोशाख लगेच आजच्या नाटकातला वाटतो. बाहीला फटी ठेवलेल्या असतात आणि त्यांतून आतलं पांढरं कापड फुग्यांसारखं बाहेर येतं. आधी फट काढा, मग फुगा. फुग्याच्या चुण्या दोन्ही टोकांकडे गोळा होतात, मध्ये तो गुळगुळीत असतो. अख्ख्या पोशाखात मऊ चुण्यांची हौस भागवायला हीच काय ती जागा.

घड्या, मग नक्षी

घेराच्या घड्या कमी आणि खोल काढा. सहासात पुरतात. कमरेपाशी त्या निऱ्यांसारख्या दाटतात आणि खाली नळ्यांसारख्या उघडतात.

आता डाळिंब. इंटरमिजिएटच्या परीक्षेला ज्यांनी संकल्पचित्र केलंय त्यांना ही युक्ती ठाऊक असेल. ट्रेसिंग पेपरवर अर्धंच डाळिंब काढा, कागद उलटा करून दुसरी बाजू छापा. चोळीवर मोठं डाळिंब बरोबर मधोमध येऊ द्या. घेरावर मात्र नक्षी सलग छापू नका. घडीच्या कडेला ती तुटते, आत लपते आणि पुढच्या नळीवर थोडी सरकून पुन्हा दिसते. खुद्द ब्रोन्झिनोच्या चित्रात नक्षी काही ठिकाणी घड्यांना जुमानत नाही. त्याला ते शोभतं, शिकणाऱ्याला नाही.

रंग

साटीन पांढरं दिसलं तरी ट्यूबमधला पांढरा थेट लावू नका. करडी छटा धरा आणि उजेडाची पट्टी धारदार ठेवा. मखमल उलट वागते: डोळ्यांसमोरचा भाग काळाकुट्ट, कडेला वळताना मात्र फिकट. साटीनसारखी तिच्या मध्यावर चमक टाकलीत तर ती रेक्झिन वाटेल.

जरीसाठी सोनेरी पेन नको. त्याला सावली देता येत नाही आणि फोटोत तो मातकट दिसतो. आधी यलो ऑकर, सावलीत बर्न्ट सिएना, आणि अगदी थोड्या ठिकाणी लेमन यलोत पांढरा मिसळून टिंब. मोती शेवटी: करडा गोल, एका बाजूला पांढरा ठिपका, विरुद्ध कडेला फिकट चंद्रकोर. सगळे मोती सारखेच चमकवू नका, सावलीतले विझलेले राहू द्या.

मग कागद भिंतीला टेकवून चार पावलं मागे जा आणि डोळे किलकिले करा. घड्यांआधी नक्षी दिसत असेल तर सावलीच्या भागात नक्षीवरूनच पातळ करड्या रंगाचा एक हात फिरवा.