‘डिसफंक्शन’चा अर्थ लावताना या चुका टाळा

आत्याचा टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. रिपोर्ट मिळाल्या मिळाल्या तिचा फोन आला. “अरे, हार्टचं डिसफंक्शन निघालंय. चाळीस टक्के हार्ट गेलंय माझं.” मी कागदाचा फोटो मागवला. शेवटच्या दोन ओळी अशा होत्या: ‘ईएफ 60 टक्के’ आणि ‘ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन’. आत्याने शंभरातून साठ वजा केले आणि उरलेल्या चाळिसांना डिसफंक्शन ठरवलं. डॉक्टरांची वेळ दोन दिवसांनंतरची होती. त्या दोन्ही रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

आरोग्यविषयक मजकुराचं मराठी भाषांतर हे माझं रोजचं काम, त्यामुळे ही वजाबाकी मला नवी नव्हती. ईएफ म्हणजे हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात जेवढं रक्त भरतं, त्यातलं किती एका ठोक्याला बाहेर ढकललं जातं त्याचं प्रमाण. निरोगी हृदयसुद्धा सगळं रक्त बाहेर टाकत नाही. साधारण 50 ते 70 टक्के हे चांगलंच प्रमाण आहे, म्हणजे आत्याचे 60 उत्तम होते. डायस्टॉलिक हा भाग वेगळा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल होऊन रक्त भरून घेतं, ते सैल होणं थोडं मंदावलं की ग्रेड वन लिहितात. वय वाढलेल्या आणि बरीच वर्षं बीपी असलेल्या माणसांत हे पुष्कळदा दिसतं. पण म्हणून रिपोर्ट कपाटात टाकून द्यायचा नाही. बीपी ताब्यात ठेवायचा, आणि जिना चढताना दम लागतो का, पायांवर सूज येते का, हे डॉक्टरांना आपणहून सांगायचं. पण याला ‘हार्ट फेल’ म्हणू नका.

इथेच मूळ चूक कळते. डिसफंक्शनमधला ‘डिस’ ग्रीक आहे आणि तो आपल्या संस्कृत ‘दुस्’चा, म्हणजे दुर्गंध, दुष्काळ यांतल्या ‘दुर्’-‘दुष्’चा सख्खा भाऊ आहे. दुर्गंध वेगळा आणि निर्गंध वेगळा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. दुर्गंधात वास असतो, पण वाईट. तसंच डिसफंक्शनमध्ये काम चालू असतं, पण नीट होत नसतं. म्हणून ‘लिव्हर डिसफंक्शन’चं भाषांतर ‘यकृत निकामी’ करू नका. निकामीमध्ये ‘नि’ आहे, तो शब्द फेल्युअरसाठी राखून ठेवा. बंद पडलेल्या लिफ्टलाही डिसफंक्शनल म्हणत नाहीत. ती नॉन-फंक्शनल, आणि मधेच भलत्या मजल्यावर थांबत असेल तर तिच्यात मालफंक्शन आहे.

स्पेलिंगचं एका ओळीत: डी-आय-एस नव्हे, डी-वाय-एस. डिस्लेक्सिया, डिसेंट्री, डिस्पेप्सिया हे त्याच घरातले.

‘थायरॉईड डिसफंक्शन’ वाचून अर्धवट माहितीवर थांबणं ही आणखी एक चूक. “मला थायरॉईड आहे” असं आपण सर्रास म्हणतो, पण ती ग्रंथी तर सगळ्यांच्याच गळ्यात असते. हार्मोन कमी तयार होतंय की जास्त, हे डिसफंक्शन हा शब्द सांगतच नाही. दोन्ही प्रकारांची औषधं अगदी उलट दिशेची, त्यामुळे शेजारणीचीही ‘थायरॉईडचीच गोळी’ आहे म्हणून ती घेऊ नका. हायपो (कमी) की हायपर (जास्त), ते विचारून कागदावर लिहून घ्या.

‘इरेक्टाइल डिसफंक्शन’ला अजूनही नपुंसकत्व लिहिलं जातं, याचा मला मनापासून राग येतो. 1992 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने ‘इम्पोटन्स’ हा शब्द सोडून हे नाव वापरण्याची शिफारस केली, ती याचसाठी की जुना शब्द संपूर्ण माणसावर शिक्का मारतो. ‘ताठरतेची अडचण’ असं साधं लिहावं. मधुमेह किंवा रक्तवाहिन्यांच्या आजाराची ही पहिली खूण असू शकते. आपल्याला नपुंसक म्हणतील या भीतीने माणूस दवाखान्यात गेलाच नाही, तर ती खूण हुकते.

कुटुंबाबद्दल बोलतानाही हा शब्द चुकतो. आईवडील वेगळे झाले की त्या घराला ‘डिसफंक्शनल फॅमिली’ म्हणून लोक मोकळे होतात. वेगळे राहूनही मुलाचं शाळेत सोडणं-आणणं, आजारपण, बोलणंचालणं दोघं मिळून नीट सांभाळत असतील, तर ते घर आपलं काम करतंय. उलट, सगळे एका छपराखाली आहेत पण बाबा घरी आले की मुलं आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतात, अशा घराला हा शब्द लागू पडतो.

आत्याच्या रिपोर्टमधल्या त्या ओळीखाली मी पेन्सिलीने मराठीत लिहून दिलं: ‘हृदय आकुंचन चांगलं पावतं, सैल व्हायला थोडा जास्त वेळ घेतं.’ डॉक्टरांनी ते वाचलं, मान डोलावली आणि आत्याला पहिला प्रश्न बीपीच्या गोळीच्या वेळेचा विचारला.