नेपाळचे पैसे नेपाळला गेले नाहीत, म्हणून ही तयारी

25 एप्रिल 2015 ला नेपाळ हादरलं. 7.8 तीव्रतेचा धक्का, केंद्र गोरखा जिल्ह्यात, जवळपास 9 हजार माणसं गेली. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या कॉलनीनं चार दिवसांत 64 हजार रुपये जमवले, एका संस्थेला चेक दिला, आणि ते पैसे नेपाळला कधी पोहोचलेच नाहीत. कुणी खाल्ले नाहीत. दीड वर्ष पडून राहिले आणि शेवटी दुष्काळी भागातल्या पाण्याच्या टाक्यांना लागले. काम चांगलंच होतं, पण लोकांनी नेपाळसाठी दिले होते आणि घरोघर जाऊन ते मागितले होते मी.

त्यामुळे परदेशातल्या आपत्तीसाठी पैसे जमवणार असाल तर सगळ्यात आधी हे करा: ज्या संस्थेला पैसे देणार तिला देशाबाहेर पैसे खर्च करता येतात का, ते विचारा. तोंडी नको, लेखी. बऱ्याच संस्थांच्या विश्वस्तपत्रात कार्यक्षेत्र भारतापुरतंच असतं. शिवाय धर्मादाय संस्थेनं देशाबाहेर खर्च केला, तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचा आदेश असल्याशिवाय त्या रकमेवर तिला आयकराची सूट मिळत नाही. म्हणून मनात असूनही संस्था हात आखडता घेतात. आम्हाला एफसीआरएचं, म्हणजे परदेशी देणगी कायद्याचं, प्रमाणपत्र दाखवलं गेलं आणि आम्ही समजलो, यांचा परदेशाशी व्यवहार आहे. एफसीआरए परदेशातून आत येणाऱ्या पैशासाठी असतं. आपले पैसे बाहेर जायचे आहेत. पैसा उलट्या दिशेनं जाणार आहे, त्याला हा कागद उपयोगाचा नाही!

वस्तू गोळा करू नका. हे सांगलीकरांना तरी समजावून सांगावं लागू नये. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, तिथं धोक्याची पातळी 45 आहे. पूर ओसरल्यावर एका शाळेच्या वर्गात खिडकीपर्यंत कपड्यांचा ढीग लागला होता. वरची दोन गाठोडी मी स्वतः सोडली. हुक तुटलेली पोलकी, एकाच पायाची चप्पल, लोकरीचा स्वेटर, तोही ओला होऊन वास मारणारा. पाठवणाऱ्यांनी मायेनंच पाठवलं होतं. पण घरात गुडघाभर गाळ असलेल्या बाईला त्या दिवशी खराटा, फिनेल आणि एक कोरडी चादर हवी होती. ढीग उपसायला दहा पोरं दोन दिवस अडकली, तेवढ्यात चार घरं धुऊन झाली असती.

परदेशात तर हे आणखी अवघड. काठमांडूच्या विमानतळावर धावपट्टी एकच. 2015 च्या त्या गर्दीत तिला तडे गेले आणि मोठी विमानं काही काळ थांबवावी लागली. नेपाळचे तेव्हाचे अर्थमंत्री रामशरण महत यांना सांगावं लागलं की ट्यूना मासे आणि मेयोनीज येतंय, आम्हाला तंबू, ताडपत्री आणि धान्य पाहिजे. शेजारच्या वहिनी विट्याकडच्या, त्यांचे भाऊ तिकडे नेपाळात गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या कामात. त्यांचा फोन आला तेव्हा तेही हेच म्हणाले, "कापडं नकोत ताई, पत्रं पायजेत. पावसाळा तोंडावर आलाय." छपराचा पत्रा तिथल्या बाजारातून घेतला तर लवकर मिळतो आणि तिथल्या दुकानदाराचा धंदाही उभा राहतो. म्हणून पैसेच पाठवा.

आणि पैसे म्हटलं की परत तेच: देशाबाहेर खर्च करता येतो, असं पत्र आलं का?

संस्था निवडताना तिथं आधीपासून काम करणारी बघा, भूकंपानंतर आठ दिवसांत उगवलेली नको. रेडक्रॉसचा आंतरराष्ट्रीय महासंघ मोठ्या आपत्तीसाठी वेगळं आवाहन काढतो. आपल्याकडच्या संस्थेमार्फत देत असाल तर पैसे नेमक्या कुठल्या आवाहनाला, कुणामार्फत जाणार ते विचारा आणि पत्रात लिहून घ्या. पावतीवर देशाचं आणि आपत्तीचं नाव हवंच. आमच्या पावतीवर "सर्वसाधारण देणगी" एवढे दोनच शब्द होते. मी ती पावती घडी करून पर्समध्ये ठेवली, वाचली नाही. पुढे विचारायला गेले तेव्हा समोरच्या माणसानं त्याच दोन शब्दांवर बोट ठेवलं, आणि मला बोलायला जागा राहिली नाही.

कॉलनीतून किंवा मंडळातून वर्गणी काढणार असाल तर आधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढा, कलम 41 क ची. गणपती मंडळं काढतात तीच. कुणाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा क्यूआरवर पैसे घेऊ नका, मग तो कितीही भला माणूस असो. व्हॉट्सअपवर फिरत आलेला क्यूआर तर मुळीच नको. थेट परदेशी संस्थेच्या संकेतस्थळावर कार्डानं दिलं तर देणगीवरची आयकराची वजावट मिळत नाही, हे देणाऱ्यांना आधीच सांगा. इथल्या संस्थेलाही 2 हजारांवर रोख दिली तर मिळत नाही, वस्तूंवर तर नाहीच. ज्यांनी नवी करप्रणाली घेतलीय त्यांना ही वजावट नाहीच, त्यांचा हा प्रश्नच मिटला.

28 मार्च 2025 ला म्यानमारमध्ये मंडाले, सगाईंगकडं 7.7 चा धक्का बसला, तेव्हा कॉलनीत पुन्हा विषय निघाला. या वेळी मी तीन संस्थांना ईमेल केला. एकीचंच स्पष्ट उत्तर आलं. बाकी दोघी फोनवर "होईल हो ताई" म्हणाल्या. "होईल" चालत नाही. 2015 लाही होईलच म्हणाले होते.

नंतरचं थोडक्यात. चेकच्या मागे आपत्तीचं नाव लिहा, फोटो काढा. देणाऱ्यांची यादी एका वहीत ठेवा. महिन्यानं एक फोन, तीन महिन्यांनी हिशेब मागा. हिशेब आला की कॉलनीच्या फलकावर लावा.

आणि सहीला बसाल तेव्हा चेकशेजारी ते पत्र ठेवा. पत्र नसेल तर सही करू नका.