माझा अनुभव: आधार आणि पॅनवरील नावे न जुळल्याने अडलेली उद्यम नोंदणी

गुहागरजवळच्या माझ्या कोकम आगळाच्या घरगुती व्यवसायाची उद्यम नोंदणी (लहान-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) पॅन पडताळणीपाशीच अडत होती, कारण आधारवर सासरचे नाव होते आणि पॅनवर माहेरचे. सेवा केंद्रातून पुन्हा अर्ज भरूनही उपयोग झाला नाही. भरलेल्या बाटल्या लेबलाविना पडून राहिल्याचा फार मनस्ताप झाला.

प्रथम ग्रामसेवकांकडून विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र घेतले, ते जोडून पॅनवरील नावाच्या दुरुस्तीचा अर्ज केला, आणि दुरुस्त पॅन आल्यावर आधारशी जोडणी झाल्याची खात्री केली. त्यानंतरच उद्यम पोर्टलवर आधार क्रमांक व नाव, ओटीपी, एकल मालकी हा प्रकार आणि शेवटी पॅनवरील नाव व जन्मतारीख कार्डावर आहे तशीच भरली. पडताळणी लगेच झाली. ही नोंदणी विनामूल्य आहे, त्यामुळे शुल्क मागणाऱ्या संकेतस्थळांवर कृपया जाऊ नये. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडील नोंदणी मात्र त्यांच्या फॉस्कॉस पोर्टलवर वेगळी करावी लागते. तिचा १४ अंकी क्रमांक लेबलावर आवश्यक असतो.