दोन्ही आजारांची एकच पिशवी

मुंबईत कामासाठी येताय, एचआयव्हीच्या गोळ्या चालू आहेत आणि आता रिपोर्टात हेपॅटायटिस सी, म्हणजे लिव्हरचा विषाणू, निघालाय, तर खोली बघण्याआधी चेनची एक जाड पिशवी घ्या. दोन्ही आजारांचे कागद त्यात एकत्र ठेवा. मी २००९ साली सांगोल्याकडून इथे आलो. सगळ्यात जास्त उपयोग मला या पिशवीचाच झालाय.

गावाकडच्या एआरटी सेंटरवरून, म्हणजे जिथे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथून, रीतसर ट्रान्सफर घेऊनच निघा, गोळ्यांचा खंड पडू देऊ नका. इथे केईएम, सायन, नायर, जेजे सगळीकडे एआरटी सेंटर आहे. कामावरचा खाडा कमी पडेल असं जवळचं निवडा. पत्ता विचारायला १०९७ हा नंबर आहे, फोन फुकट लागतो.

आता सीचं. अँटीबॉडी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू कधीतरी अंगात शिरला होता, एवढंच. तो आजही रक्तात आहे का, हे आरएनए तपासणीत कळतं, ती झाल्याशिवाय घाबरूही नका आणि गप्पही बसू नका. डोळे पिवळे नाहीत म्हणून लिव्हर ठणठणीत, असं धरून चालू नका. सी वर्षानुवर्षं काही न दाखवता लिव्हर खराब करतो, आणि सोबत एचआयव्ही असला की ते लवकर होतं. गावाहून कुणी काविळीचं झाडपाल्याचं औषध पाठवेल. प्रेमानंच पाठवेल, पण घेऊ नका, त्यातल्या काहींनी लिव्हरलाच इजा होते. दारू तर बंदच.

पूर्वी या आजाराला ४८ आठवडे इंजेक्शनं असायची, ताप आणि अशक्तपणानं माणूस अर्धा व्हायचा. आता बहुतेकांना १२ आठवडे गोळ्या, आणि शंभरातले नव्वदहून जास्त लोक पूर्ण बरे होतात. २८ जुलै २०१८ पासून सरकारच्या हेपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे. कर्ज काढू नका, एआरटी सेंटरवरच विचारा, ते पुढे पाठवतात.

माझा कोर्स २०१९ मध्ये झाला. लिव्हरच्या डॉक्टरांनी सोफोस्बुव्हिर आणि डाक्लाटासव्हिर लिहिलं, मग पिशवीतलं एआरटीचं पुस्तक उघडलं, ज्यात एचआयव्हीच्या माझ्या गोळ्या लिहिलेल्या असतात. तेव्हा माझ्या गोळीत एफाव्हिरेन्झ होतं. त्यानं डाक्लाटासव्हिरचा जोर कमी होतो, म्हणून त्यांनी त्याचे ६० मिलिग्रॅम खोडून ९० केले. लाजेनं मी ते पुस्तक खोलीवर ठेवलं असतं तर औषध कमी पडलं असतं. एचआयव्हीसाठी डोल्युटेग्रॅव्हिरची गोळी घेणाऱ्यांना ही अडचण नाही, तरी पुस्तक दाखवाच. टीबीची औषधं, अॅसिडिटीची गोळी, हृदयाचं औषध, जे चालू असेल ते सांगा. आणि हेपॅटायटिस बी तपासलाय का, हे तोंडानं विचारा. सीचा उपचार चालू असताना झोपलेला बी उठू शकतो. एआरटीतलं टेनोफोव्हिर त्यालाही दाबून धरतं, म्हणून ती गोळी मनानं सोडायची नाही.

खोलीतलं एक सांगतो. आम्ही नऊ जण होतो. खिडकीच्या कट्ट्यावर एक आरसा, बाजूला डब्यात एक रेझर, जो आधी उठेल तो तोच उचलायचा. सी रक्तातून जातो, म्हणून रेझर, ब्रश, नेलकटर स्वतःचं ठेवा, आणि सुई कधीच कुणाची नको. एका ताटात जेवल्यानं, एका ग्लासातून पाणी प्यायल्यानं काही होत नाही. वेगळं बसू नका. खोलीत आजार सांगायचा की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. २०१७ चा एचआयव्ही कायदा तुमच्या बाजूनं आहे: नोकरीसाठी एचआयव्ही तपासणीची अट कुणी घालू शकत नाही.

कोर्स संपला की १२ आठवड्यांनी पुन्हा आरएनए. पगाराच्या आठवड्यातसुद्धा ही तारीख चुकवू नका. विषाणू सापडला नाही तर सी गेला, पण पुन्हा लागण होऊ शकते, त्याची लसही नाही. लिव्हर आधीच कडक झालं असेल तर तपासण्या पुढेही चालू ठेवायच्या. एचआयव्हीची गोळी मात्र रोजचीच.

तो शेवटचा रिपोर्ट पिशवीत सगळ्यात वर ठेवा. अँटीबॉडी बरं झाल्यावरही पॉझिटिव्हच दिसते, आणि पुढे कुठे ऑपरेशनआधी रक्त तपासलं की तोच प्रश्न परत निघतो. माझ्या रिपोर्टाची शाई उडायला लागली तेव्हा मी दोन झेरॉक्स काढल्या. एक पिशवीत आहे, एक गावी बहिणीकडे.