मणक्याला मार लागल्यानंतर वजन कसं उतरवायचं

व्हीलचेअरवरून पलंगावर, पलंगावरून कमोडच्या खुर्चीवर, तिथून परत व्हीलचेअरवर. ही उचल रोज खांदे करतात. वजन पाच किलोंनी वाढलं की ते पाचही किलो प्रत्येक उचलीला खांद्यांच्याच वाट्याला येतात, आणि खांदा निकामी झाला की कुणीतरी येऊन उचलेल याची वाट बघत बसावं लागतं. शुगर आणि कोलेस्टेरॉल हे मुद्दे आहेतच, पण वजन उतरवायचं ते मुख्यतः आपलं आपण उठता-बसता यावं म्हणून.

माझी इजा डी-१० ला, म्हणजे छातीच्या दहाव्या मणक्याला आहे. मी वजन उतरवलं आहे, मध्ये वाढलं तेव्हा पुन्हा उतरवलं आहे आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांना त्यात सोबत केली आहे. या सगळ्या काळात कानावर पडणारा सल्ला एकच, 'हाताचे व्यायाम वाढव, आपोआप उतरेल.' नाही उतरत. शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू मांड्यांचे आणि नितंबांचे. तेच काम करत नसतील तर हात कितीही फिरवले तरी कॅलरी थोड्याच जळतात. आपलं वजन ताटातून उतरतं. डॉक्टरांशी बोलणं आणि रक्ततपासणी झाली आहे असं धरून पुढचं सांगतो.

वजन करायचं कुठे

घरच्या काट्यावर उभं राहता येत नाही म्हणून अनेकजण वर्षानुवर्षं वजनच करत नाहीत. भुसार मालाच्या दुकानात किंवा भंगारवाल्याकडे जमिनीलगतचा प्लॅटफॉर्म काटा असतो. फळी लावून खुर्चीसकट वर जा. घरी आल्यावर रिकामी खुर्ची, तेच कुशन आणि तीच मागची पिशवी कुणाकडून तरी त्याच काट्यावर करून आणा आणि वजा करा. जाण्याआधी कॅथेटर घालून लघवी काढून टाका. मूत्राशयात साठलेली अर्धा लिटर लघवी म्हणजे अर्धा किलो. महिन्यातून दोनदा पुरे.

कंबर मात्र घरी मोजा, पाठीवर झोपून, शिंप्याच्या टेपनं, दर वेळी एकाच जागी. बसून मोजू नका. पोटाचे स्नायू सैल असल्यामुळे बसल्यावर पोट पुढे येतं आणि आकडा फसवा निघतो. ९४ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त भरली तर हृदयाला धोका आहे असं धरून कामाला लागा.

बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणाऱ्या आकड्याचा, नेहमीचा तक्ता बाजूला ठेवा. आपल्या पायांतले स्नायू झिजलेले असतात, त्यामुळे तेवढ्याच वजनात चरबीचा वाटा जास्त असतो. मणक्याच्या इजेत बीएमआय २२ च्या वर गेला की लठ्ठपणा धरतात. उंची १७० सेंटिमीटर असेल तर ही रेघ साधारण ६३-६४ किलोवर येते. त्याच उंचीचा चालता माणूस ७० किलोला ठीक दिसतो, म्हणून आपणही ठीक आहोत असं समजू नका.

किती खायचं

पॅराप्लेजिया असेल, म्हणजे हात चालतात पण पाय नाहीत, तर वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज सुमारे २८ कॅलरी लागतात, मानेतली इजा असेल तर सुमारे २३. म्हणजे ७० किलोच्या पॅराप्लेजिक माणसाला वजन आहे तिथेच ठेवायला १,९६० कॅलरी पुरतात, क्वाड्रिप्लेजिक, म्हणजे मानेत इजा असलेल्या माणसाला सुमारे १,६००. आता जिममधल्या मुलानं दिलेला 'वेट लॉस'चा १,८०० कॅलरींचा तक्ता घ्या. मानेत इजा असलेल्याचं वजन त्यावर वाढेल. चालत्या माणसासाठी केलेला कुठलाही तक्ता आपल्याला लागू नाही, तो कितीही मोठ्या आहारतज्ज्ञाचा असो.

या आकड्यातून रोजचे तीनशे-चारशे कमी करायचे आणि महिन्याला एक-दोन किलो उतरण्यावर समाधान मानायचं. १,२०० च्या खाली तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय जायचं नाही.

हे तीनशे-चारशे शोधायला फार लांब जावं लागत नाही. चार माणसांच्या घरात तेलाचा पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर प्रत्येकाच्या पोटात रोज जवळपास साडेतीनशे कॅलरी नुसत्या तेलाच्या जातात. डबा दोन महिने पुरवा. दुसरी गोष्ट चहा. दोन चमचे साखरेचा एक कप म्हणजे साखरेच्याच ४० कॅलरी, आणि घरी बसलेल्या माणसाकडे भेटायला येणारा प्रत्येकजण त्याच्यासोबत चहा घेतो. तिसरी गोष्ट शेंगदाण्याचा कूट. भाजीत, कोशिंबिरीत, खिचडीत तो मुठीनं पडतो आणि १०० ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात. कूट चमच्यानं मोजून घाला. भाकरी, वरण, उसळ, ताक यांना हात लावू नका, भाताचा दुसरा वाढा बंद करा. आई किंवा बायको 'अंगात ताकद कशी येणार' म्हणून वरून तूप सोडत असेल, तर तिला खांद्याचं गणित एकदा शांतपणे समजावून सांगा. माया तुपातूनच दाखवायची असते असं नाही, पण हे तिला पटायला वेळ लागतो. तो द्या.

खरी अडचण: पोट साफ होण्याची वेळ

खाणं कमी करायचं ठरवलेले बहुतेकजण इथेच सोडून देतात आणि मलाही सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथेच. याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी सविस्तर सांगतो.

मणक्याच्या इजेनंतर आतड्यांची हालचाल मंदावते. तरीही संडासची एक वेळ बसवता येते, कारण पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आपसूक आकुंचन पावतं. सकाळी चहा-नाश्ता, मग अर्ध्या तासानं कमोडवर, असं आपलं घड्याळ त्यावरच लागलेलं असतं. डाएट सुरू करणारा माणूस पहिल्याच दिवशी नेमका सकाळचा नाश्ता बंद करतो. इशारा गेला, वेळ चुकली आणि जे सकाळी व्हायचं ते दुपारी ऑफिसमध्ये खुर्चीवर झालं. त्यानंतर तो माणूस डाएटचं नाव काढत नाही, आणि मी त्याला दोष देणार नाही.

त्यामुळे नाश्ता सोडायचा नाही. त्याची वेळही हलवायची नाही. सोळा तास उपाशी राहण्याची जी पद्धत सध्या चालली आहे, ती आपल्यासाठी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. कमी करायचं असेल तर रात्रीचं जेवण कमी करा आणि लवकर करा.

दुसरा घोळ कोशिंबीर आणि मोडाच्या कडधान्यांचा. 'फायबर खा' हा सल्ला सगळे देतात. सुस्तावलेल्या आतड्यात एकदम वाटी-वाटीभर मटकी आणि काकडी-गाजर गेलं की पोट फुगतं, वायू होतो आणि दोन दिवसांनी एक तर सगळं तुंबतं किंवा भलत्या वेळी सुटतं. दिवसाला १५ ग्रॅम फायबरपासून सुरुवात करा आणि हळूहळू वाढवा. एका वेळी एकच बदल करा. या आठवड्यात उसळ वाढवली असेल तर भाकरीचं पीठ पुढच्या पंधरवड्यात बदला. एका साध्या वहीत रोज चार गोष्टी लिहा: कमोडवर बसल्याची वेळ, किती मिनिटं लागली, मळ कसा होता, मध्ये कुठे गळती झाली का. बदल मानवतोय की नाही हे वहीच्या दोन पानांत दिसतं. इसबगोल घ्यायचं तर भरपूर पाण्याबरोबरच. कोरडं गेलं तर आत गोळा होऊन अडकतं.

इजा कुठे आहे यावरही बरंच अवलंबून आहे. इजा वर असेल तर आतड्याचं प्रतिक्षिप्त काम शाबूत असतं. बोटानं किंवा सपोसिटरीनं (गुदद्वारात ठेवायच्या गोळीनं) चालना दिली की ते मळ ढकलतं. अशांचा मळ मऊ हवा. इजा कंबरेच्या मणक्यांच्या पातळीला, मज्जारज्जूच्या शेवटच्या टोकाशी असेल तर आतडं आणि गुदद्वार सैल असतं, बोटानं काढावं लागतं. त्यांचा मळ जरा घट्टच बरा, मऊ झाला की गळतो. म्हणून मित्राला लागू पडलेलं फायबरचं प्रमाण उचलून आपल्याला लावू नका.

गळतीच्या भीतीनं पाणी तोडणारे खूप आहेत. तसं करू नका. पाणी कमी झालं की मळ खडा होतो, लघवीत जंतुसंसर्ग होतो, मुतखडे होतात. चार ते सहा तासांनी कॅथेटर घालत असाल तर दिवसभराचं दोन लिटरच्या आसपास पाणी सारख्या वाटणीनं प्या, एका वेळची लघवी ५०० मिलीच्या आत राहील असं बघा.

उपवासांचं काय, हे मला नेहमी विचारतात. श्रद्धेसाठी धरायचा तर धरा, वजनासाठी धरू नका. साबुदाणा, बटाटा, दाणे या फराळात कॅलरी खच्चून आणि साबुदाण्यात फायबर नावालाही नाही. एकादशीचा हिशोब द्वादशीला कमोडवर चुकवावा लागतो. आणि जुलाबाची पावडर घेऊन 'पोट हलकं' करणाऱ्यांना हात जोडून सांगतो, त्यानं चरबीचा कणही जात नाही. जातं ते पाणी.

ज्यांची इजा डी-६ किंवा त्याच्या वर आहे त्यांच्यासाठी यातला प्रत्येक शब्द दुप्पट महत्त्वाचा. तुंबलेलं आतडं किंवा भरलेलं मूत्राशय रक्तदाब एकदम भडकवू शकतं. डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, इजेच्या वरच्या भागाला घाम फुटला, तर लगेच ताठ बसा, पट्टे-कपडे सैल करा, कॅथेटर आणि मग पोट तपासा. त्रास उतरला नाही तर दवाखाना गाठा. डाएट नंतर बघू.

प्रथिनं आणि कातडी

वजन उतरताना प्रथिनं कमी पडली की कातडी आधी सोसते. किलोला साधारण एक ग्रॅम धरा. अंड्यात सहा ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत २५ च्या आसपास. मूत्रपिंडाची तक्रार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब पडून झालेली जखम, उघडा असेल तर वजन उतरवणं थांबवा. तो भरून यायला किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात आणि पोटभर खाणंही लागतं.

व्यायाम

आठवड्यातून तीनदा अर्धा तास हात-सायकल किंवा वेगानं व्हीलचेअर, आणि दोनदा वजनं किंवा रबरी पट्टे. हे हृदय, शुगर आणि खांद्यांसाठी. ढकलणं दिवसभर होतच असतं, म्हणून व्यायामात ओढायच्या हालचाली जास्त घ्या. इजा वर असेल तर नाडीवर विसंबू नका, ती फार चढतच नाही. बोलताना दम लागतोय का ते बघा. इजेखाली घाम येत नाही, तेव्हा उन्हाळ्यात पहाटे करा आणि ओला टॉवेल जवळ ठेवा. पोहता येत असेल तर उत्तमच. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेऊन आले. फक्त टाकीच्या काठावर टाचा आणि नितंब खरचटतात ते कळत नाही, बाहेर आल्यावर तपासा.

घाम काढणारा गरम पट्टा पोटाला बांधू नका. कुणी फुकट दिला तरी नको. जिथे चटका कळत नाही तिथे तो थेट भाजतो, आणि ती जखम भरायला महिने लागतात.

औषधं

नसांच्या दुखण्यावर देतात त्या प्रेगाबालिन, गॅबापेंटिन, ॲमिट्रिप्टिलीन यांनी वजन वाढू शकतं. पर्याय आहे का ते डॉक्टरांना विचारा, पण स्वतःहून काही बंद करू नका. स्नायूंच्या ताठरपणावरचं बॅक्लोफेन एकदम थांबवलं तर फिट येऊ शकते.

उतरायला लागल्यावर

चार-पाच किलो गेले की नितंबांवरची गादी पातळ होते आणि बसायची हाडं टोचायला लागतात. आपल्याला ते जाणवत नाही. हवेचं कुशन असेल तर हवा नव्यानं जुळवा: पूर्ण बसा, हात खाली सरकवा, हाडाखाली बोटभर जागा राहिली पाहिजे. फोमचं असेल आणि दाबल्यावर खालची पाटी लागत असेल तर बदला. खुर्ची कंबरेला सैल झाली की माणूस एका बाजूला कलून बसायला लागतो. मांडी आणि बाजूच्या पाटीमध्ये तळहात उभा सहज फिरत असेल तर फिजिओला दाखवा. या दिवसांत सकाळ-संध्याकाळ आरशानं कातडी बघा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही, तर त्या दिवशी खुर्चीवर बसू नका.