टर्बो इंजिनाचा इनटेक मॅनिफोल्ड: सामान आणताना प्लेटवर लक्ष द्या

इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे बाहेरची हवा इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरपर्यंत पोचवणारा भाग. टर्बोसाठी तो ॲल्युमिनियमचा नवा बनवायचा, त्यासाठी सामान कसं निवडायचं ते सांगतो. इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवलंय, मॅनिफोल्डचं नवं गॅस्केट हातात आहे आणि आर्गॉन वेल्डिंगवाला ठरलाय, असं धरून चालतो. उदाहरण एस्टीमच्या 1298 सीसी, 16 व्हॉल्व्ह इंजिनाचं घेतो. गाडी फक्त ट्रॅकची. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे रस्त्यावरच्या गाडीला हा उद्योग करायचा नाही.

सगळ्यात आधी फ्लँजची, म्हणजे मॅनिफोल्ड हेडला जिथे बोल्टने बसतो त्या तोंडाची प्लेट, आणि सगळे चुकतात तेही इथेच. भंगार बाजारात किलोवर प्लेट मिळते, "मालक, विमानाची आहे, लई मजबूत" असं सांगून. मीही अशीच 12 मिमीची प्लेट आणली होती. वेल्डिंग देखणं झालं. पण जॉब थंड होताना वेल्डजवळून बारीक टिक्-टिक् आवाज यायला लागला. सकाळी उजेडात धरून पाहिलं तर चारही रनरच्या (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) मुळाशी केसाएवढी चीर. पुन्हा वेल्ड केलं, चीर दोन मिमी पुढे सरकली. दोन आठवडे मी वेल्डरला बोल लावत होतो. त्याचा काही दोष नव्हता, प्लेट एचई 15 या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची निघाली. तिच्यात चार-पाच टक्के तांबं असतं. ती मजबूत खरीच, पण वेल्ड केली की हमखास तडकते.

म्हणून दुकानात "ॲल्युमिनियमची प्लेट द्या" म्हणू नका. एचई 30 किंवा एचई 20, म्हणजे 6082 किंवा 6061, असं नाव घेऊन मागा आणि टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (धातूच्या खेपेचा क्रमांक) प्लेटवरच्या शिक्क्याशी जुळवून घ्या. तुकडा आधीच घरात असेल तर कोपरा घासून त्यावर कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचा एक थेंब टाका. चष्मा आणि हातमोजे घालूनच. डाग काळाकुट्ट पडला तर त्यात तांबं आहे, तो तुकडा बाजूला ठेवा. शंका उरलीच तर मेटल टेस्टिंग लॅबमध्ये तपासून घ्या. फुकट गेलेल्या वेल्डिंगपेक्षा ते स्वस्त पडतं. वेल्डिंगला फिलर रॉड (सांध्यात वितळवून भरायची काडी) 4043 चा. 6082 ला रॉडशिवाय नुसतं वितळवून जोडायला जाल तर तीही तडकते.

फ्लँज कापून घ्यायला वॉटरजेट उत्तम. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्याजवळ भोसरीला ड्रॉइंग दिलं की काम होतं. ड्रॉइंग मात्र गॅस्केटवरून काढू नका, तसं काढायचा सल्ला सर्रास दिला जात असला तरी. गॅस्केटची भोकं पोर्टपेक्षा (हेडमध्ये हवा शिरायच्या भोकांपेक्षा) मोठी असतात, मग हवेच्या वाटेत पायरी तयार होते. हेडच्या तोंडाला निळी शाई लावून कागदावर ठसा घ्या आणि स्टडची अंतरं व्हर्नियरने मोजा.

रनरची पाइप निवडताना व्यास बघत बसू नका, घेर बघा. पोर्टच्या आतल्या कडेने दोरा फिरवा. तेवढाच आतला घेर असलेली गोल पाइप दाबली की लंबगोल होऊन नीट बसते.

प्लेनमला, म्हणजे सगळ्या रनरना हवा देणाऱ्या पेटीला, 3 मिमीचा पत्रा. आकारमान इंजिनाच्या एक ते दीड पट, इथे 1.3 ते 2 लिटर. थ्रॉटल बॉडी (हवा कमी-जास्त करणारी झडप) जुनी चालते, फक्त शाफ्टला खेळ नको. इंजेक्टरचे बंग (इंजेक्टर ज्यात बसतो ती कडी) लेथवर करून घ्या, पण स्वतःचा इंजेक्टर आणि ओ-रिंग सोबत नेऊन. आतलं फिनिश आरशासारखं हवं. होज बसते त्या तोंडाला मणी (कडेभोवतीचा उंचवटा) उठवलेलाच हवा, नाहीतर बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, आला की होज उडते. मॅनिफोल्डवरून जाणाऱ्या ब्रेक बूस्टरच्या नळीत वन-वे व्हॉल्व्ह आहे का आणि तो खरंच हवा अडवतो का, हे फुंकून बघा. तो गळत असेल तर बूस्ट थेट ब्रेकच्या बूस्टरमध्ये शिरतो.

वेल्डिंगच्या वेळी फ्लँज एखाद्या भंगार हेडवर सगळ्या स्टडनी आवळा. आधी सगळीकडे टाके, मग पहिला, चौथा, दुसरा, तिसरा अशा क्रमाने रनर. हाताला गार लागेपर्यंत नट सोडू नका. मी घाईत सोडले, तेव्हा फ्लँज धनुष्यासारखी वाकली. इतकं सांभाळूनही थोडा बाक येतोच. शेवटी मिलिंगवर अर्धा मिमी काढून तोंड सपाट करून घ्या, प्लेट 12 मिमीची घ्यायची ती त्यासाठीच.

मग तोंडं बंद करून रेग्युलेटरने 1 बार हवा भरा आणि साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तर तो बहुतेक रनरच्या मुळाशीच दिसेल.