सिमेंटचा सेटिंग टाइम आणि साउंडनेस: टेस्ट नीट कशी करायची

साइटवर सिमेंट टेस्टिंग म्हटलं की सगळ्यांना फक्त ७ दिवस आणि २८ दिवसांच्या स्ट्रेंथचा आकडा हवा असतो, बाकीच्या ओळी कुणी वाचत पण नाही. सेटिंगमध्ये, म्हणजे पेस्ट घट्ट व्हायच्या वेळेत, घोळ असेल तर निदान स्लॅब टाकताना लगेच कळतं, गवंडीच ओरडायला लागतो. पण साउंडनेस, म्हणजे कडक झाल्यावर सिमेंट आहे तेवढ्याच आकारात राहतंय की नंतर आतून फुगतंय, हे कळायला महिने जातात, कधी वर्षं पण जातात, तोवर फायनल बिल निघालेलं असतं आणि कॉन्ट्रॅक्टर दुसऱ्या गावात. म्हणून या दोन टेस्ट डिप्लोमाच्या प्रॅक्टिकलसारख्या जर्नल भरायला करू नका, नीट करा. खाली जे लिहितोय ते आयएस ४०३१ या सिमेंट टेस्टिंगच्या भारतीय कोडच्या भाग ४ (कन्सिस्टन्सी), भाग ५ (सेटिंग टाइम) आणि भाग ३ (साउंडनेस) प्रमाणे आहे.

आधी खोली

कोडमध्ये २७ अधिक-उणे २ डिग्री तापमान दिलंय, ते खोलीचं तर हवंच, पण सिमेंट, पाणी, साचा आणि थापीचं पण तेवढंच हवं. इथेच सगळे चुकतात. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे उन्हात उभ्या ट्रकमधली गोणी आणायची आणि फोडून लगेच टेस्टला बसायचं, मग सेटिंग लवकर आलं की कंपनीला शिव्या. सिमेंटचा काही दोष नसतो हो, ते गरम असतं एवढंच. सॅम्पल हवाबंद डब्यात भरून आदल्या दिवशीच लॅबमध्ये आणून ठेवा, पाण्याची बाटली पण शेजारीच ठेवा. खोलीत आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास पाहिजे, साचा ठेवायच्या कपाटात ९० टक्क्यांच्या पुढे. आणि पंखा बंद करा, कारण वाऱ्याने पेस्टचा वरचा थर सुकतो, सुई वरच अडकते आणि आपल्याला वाटतं सेट झालं.

सॅम्पल एकाच गोणीचं घेऊ नका, लॉटमधल्या वेगवेगळ्या गोण्यांमधून थोडं थोडं काढून मिसळा. गोणीवर पॅकिंगचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं ते रजिस्टरमध्ये लिहा. तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट असेल तर परत टेस्ट केल्याशिवाय वापरायचंच नाही, कोकणात पावसाळ्यात गोडाऊनमध्ये पडलेलं असेल तर तीन महिन्यांची पण वाट बघू नका.

कन्सिस्टन्सी, म्हणजे पाणी किती

ही टेस्ट लोकांना फालतू वाटते पण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे, कारण सेटिंग आणि साउंडनेस दोन्हीचं पाणी इथल्या आकड्यावरून काढायचं असतं. हा आकडा चुकला की पुढचे दोन्ही रिझल्ट चुकले, आणि ते चुकलेत हे रिपोर्ट बघून कुणाला कळणार पण नाही.

४०० ग्रॅम सिमेंट घ्या, पहिल्या ट्रायलला २८ टक्के वगैरे पाणी घाला, पाणी पडलं की स्टॉपवॉच चालू. हातात रबरी ग्लोव्ह्ज घालून ३ ते ५ मिनिटांत पेस्ट मळायची, ३ च्या आत नाही आणि ५ च्या पुढे नाही, आणि सेट व्हायची काही चिन्हं दिसायच्या आत साचा भरून झाला पाहिजे. विकॅटच्या, म्हणजे प्लंजर किंवा सुई पेस्टमध्ये किती उतरते ते मोजणाऱ्या मशीनच्या, साच्यात (उंची ४० मिमी) पेस्ट एकदम भरा, हवा निघायला साचा हलकेच हलवा, वरून थापीने सपाट करा, पण दाबू नका. मग १० मिमी व्यासाचा प्लंजर पेस्टला फक्त टेकेल इतका खाली आणा आणि पटकन सोडा. हळू सोडलात, किंवा वरून धपकन टाकलात, की रीडिंग गेलं. प्लंजर तळापासून ५ ते ७ मिमी वर थांबला पाहिजे. जास्त वर थांबला तर पाणी कमी पडलंय, पार तळाला गेला तर जास्त झालंय.

प्रत्येक ट्रायलला सिमेंट नवीन घ्यायचं. आधीच्याच पेस्टमध्ये अजून थोडं पाणी टाकून परत मळायचं हा प्रकार मी बऱ्याच लॅबमध्ये पाहिलाय आणि तो साफ चूक आहे, त्या पेस्टची रिअ‍ॅक्शन केव्हाच सुरू झालेली असते. सरकत्या रॉडचं प्लंजरसकट एकूण वजन ३०० ग्रॅम असतं, ते एकदा काट्यावर बघून घ्या, आणि रॉड अडकत नाही ना तेही बघा. जुन्या मशीनवर सिमेंट सुकून रॉड जड चालतो आणि मग सगळंच सिमेंट लॅबला पाणी पिणारं वाटायला लागतं.

समजा कन्सिस्टन्सी २९.५ टक्के आली. या आकड्याला पी म्हणू.

सेटिंग टाइम

परत ४०० ग्रॅम नवीन सिमेंट, यावेळी पाणी ०.८५ पी. म्हणजे आपल्या उदाहरणात ४०० चे २९.५ टक्के ११८ ग्रॅम, त्याचं ०.८५ म्हणजे १००.३ ग्रॅम. घड्याळ पाणी घातल्या क्षणापासून, साचा भरल्यापासून नाही. यात पाच-सहा मिनिटांचा फरक सहज पडतो.

प्लंजर काढून १ चौरस मिमीची सुई लावा. सुरुवातीला ती सरळ तळापर्यंत जाते, म्हणून पहिल्या एक-दोन रीडिंगला हाताने थोडा आधार देऊन सोडा, नाहीतर काचेवर आपटून टोक वाकतं. आधी दर १० मिनिटांनी बघा, सुई तळाला टेकायची बंद झाली की दर दोन मिनिटांनी. दरवेळी नवीन जागा घ्या, कडेपासून आणि आधीच्या भोकापासून थोडं लांब, आणि सुई पुसून. पुसायचं विसरलात तर चिकटलेल्या पेस्टमुळे सुई जाड होते आणि इनिशिअल टाइम खोटाच लवकर येतो. सुई तळापासून ५ मिमीच्या आसपास (अर्धा मिमी इकडे तिकडे) अडली की तो इनिशिअल सेटिंग टाइम. ओपीसीला (साधं पोर्टलँड सिमेंट) तो ३० मिनिटांपेक्षा कमी नको. खरं तर हल्लीचं ओपीसी चांगले दीड-दोन तास तरी घेतं, त्यामुळे कुणी रिपोर्टमध्ये ३५ मिनिटं लिहिलं तर ते कोडमध्ये पास असेल, पण मी तरी ती टेस्ट परत करायला लावेन.

फायनलला सुई बदलायची. हिच्याभोवती ५ मिमी व्यासाची रिंग असते आणि सुईचं टोक रिंगच्या अर्धा मिमी पुढे असतं. ठेवल्यावर टोकाचा ठिपका उमटला पण रिंगची गोल खूण उमटली नाही की फायनल सेट. ओपीसीला ६०० मिनिटांच्या आत यायला पाहिजे. कधी कधी पेस्टवर पांढरट साय येते, ती मऊ असते आणि तिच्यावर रिंग उमटतच राहते, तेव्हा ब्लॉक उलटा करून खालच्या बाजूवर बघायचं, कोडमध्येच सांगितलंय. दोन्ही वेळा रिपोर्टमध्ये ५ मिनिटांच्या जवळच्या आकड्यात लिहायच्या. पीपीसी (पोझोलाना सिमेंट) सावकाश सेट होतं, त्यात फ्लाय अ‍ॅश असते, थंडीत नाशिक-पुण्याकडे हे जरा जास्तच जाणवतं, घाबरू नका.

कधीतरी मळतानाच पेस्ट घट्ट होते. तेव्हा पाणी वाढवू नका! तसंच अजून मळत राहा. मळल्यावर परत मऊ झाली आणि मग नेहमीसारखी सेट झाली तर तो फॉल्स सेट, सेटिंग लांबवायला सिमेंटमध्ये जिप्सम घालतात, ग्राइंडिंगला गिरणीत तापून त्याचं पाणी उडालेलं असतं. त्याने फार बिघडत नाही. पण पेस्ट गरम लागतेय आणि कितीही मळलं तरी मऊ होत नाहीये, तर तो फ्लॅश सेट, म्हणजे जिप्सम कमी पडलंय, ती गोणी बाजूला.

साउंडनेस, ले शॅटेलियर

अकरावी-बारावीच्या केमिस्ट्रीत इक्विलिब्रियमचा नियम पाठ केला होता ना, तोच हा फ्रेंच माणूस, आंरी ले शॅटेलियर, १८८७ ची त्याची डॉक्टरेट सिमेंटवरच होती. ज्याच्या नावाला आपण विकॅट म्हणतो तो सुईवाला लुई विका पण फ्रेंचच. आयफेल टॉवरवर जी ७२ नावं कोरलीत त्यात विका आहे आणि ले शॅटेलियर पण आहे, पण तो या आंरीचा बाप, तोही इंजिनिअर.

आता फुगतं का, ते बघू. भट्टीत १४५० डिग्रीच्या आसपास क्लिंकर (दळून ज्याचं सिमेंट होतं ते खडे) बनताना थोडा चुना कशाशी न जुळता सुटा राहतो. तो इतका कडक भाजलेला असतो की पाणी लागूनसुद्धा लगेच विरघळत नाही, सिमेंट कडक झाल्यावर सावकाश विरतो आणि विरताना जवळपास दुप्पट जागा मागतो. आजूबाजूला तर सगळं दगड झालेलं, मग ते फुटतं. मॅग्नेशियाचं (मॅग्नेशियम ऑक्साइड) पण तसंच, फक्त तो याहून आळशी.

साचा म्हणजे ३० मिमी व्यासाची, ३० मिमी उंचीची पितळी नळी, एका बाजूने उभी चिरलेली, चिरेच्या दोन्ही बाजूंना लांब काट्या. चीर थोडी जरी उघडली तरी काट्यांच्या टोकाला ते अनेक पटींनी मोठं दिसतं. साचा वापरायच्या आधी तपासा: एक काटी पकडून दुसरीला ३०० ग्रॅमचं वजन टांगलं की टोकं १७.५ मिमी, अडीच मिमी इकडे तिकडे, एवढी फाकली पाहिजेत आणि वजन काढल्यावर जागेवर आली पाहिजेत. कॉलेजच्या लॅबमधले साचे पोरांनी वाकवून वाकवून पार सैल झालेले असतात, त्यावरचे रिझल्ट काय घेऊन बसलात.

१०० ग्रॅम सिमेंट, पाणी ०.७८ पी, म्हणजे आपल्या उदाहरणात २३ ग्रॅम. तेल लावलेल्या काचेवर साचा ठेवा, चीर बोटांनी हलकेच मिटलेली ठेवून भरा, वर दुसरी तेल लावलेली काच आणि तिच्यावर छोटं वजन, आणि सगळं लगेच २७ डिग्रीच्या पाण्यात २४ तास. दुसऱ्या दिवशी काढून काट्यांच्या टोकांमधलं अंतर अर्ध्या मिमीपर्यंत मोजा. परत पाण्यात ठेवून २५ ते ३० मिनिटांत उकळी आणा आणि ३ तास उकळत ठेवा. साचा पूर्ण वेळ पाण्याखाली राहिला पाहिजे, त्यामुळे आधीच भरपूर पाणी घ्या. मग गार होऊ द्या, आणि गार झाल्यावरच परत मोजा. दोन मापांमधला फरक म्हणजे फुगवटा. दोन साचे लावून सरासरी घ्या. ओपीसीला मर्यादा १० मिमी, पण चांगलं सिमेंट १-२ मिमीच्या पुढे सहसा जात नाही, म्हणून ७-८ मिमी आलं तर पास म्हणून खूश व्हायचं काही कारण नाही, प्लँटला विचारा.

एक गोष्ट लक्षात ठेवा, उकळल्याने फक्त सुट्या चुन्याची चोरी पकडली जाते. मॅग्नेशिया तीन तासांच्या उकळीला दाद देत नाही, त्याला ऑटोक्लेव्ह, म्हणजे जास्त दाबाच्या वाफेचं बंद भांडं, लागतो. २५ बाय २५ मिमीचे लांब बार करून २१ किलो प्रति चौरस सेंमी दाबाच्या वाफेत ३ तास ठेवायचे आणि लांबी किती टक्के वाढली ते मोजायचं, मर्यादा ०.८ टक्के. मॅग्नेशिया ३ टक्क्यांच्या वर असेल तर ही टेस्ट करायलाच हवी. ऑटोक्लेव्ह हे काम साइटवर करायचं नाही, प्रेशरचा खेळ आहे, चांगल्या लॅबला पाठवा. जिप्सम जास्त झाल्यामुळे येणारा फुगवटा या दोन्ही टेस्टमध्ये नीट दिसत नाही, त्याच्यासाठी केमिकल रिपोर्टमधला सल्फेटचा आकडा बघायचा.

घर बांधणाऱ्यांसाठी

साचा-बिचा काही नसेल तर जुनी वडीची पद्धत आहे. थोडी घट्ट पेस्ट करून काचेवर साधारण साडेसात सेंमीची वडी थापा, मध्ये सव्वा सेंमी जाड आणि कडेला पातळ. ओल्या फडक्याखाली २४ तास ठेवा, मग सोडवून गार पाण्यात घालून सावकाश उकळी आणा आणि तीन तास उकळा. कड फाटली, वडी वाकडी झाली, भुगा व्हायला लागली तर ते सिमेंट वापरू नका. नुसता थोडा रंग बदलला तर काही नाही. भांडं स्वयंपाकघरातलं घेऊ नका आणि ओल्या सिमेंटला उघडा हात लावू नका, कातडी जळते. यावर पास-नापासचा रिपोर्ट होत नाही, पण लॅबला पाठवायचं की नाही एवढं नक्की कळतं.

आणि प्लॅस्टरला केसासारख्या भेगा पडल्या की लगेच सिमेंट अनसाउंड आहे म्हणणारे खूप भेटतात. दहातल्या नऊ वेळा माल जास्त पाणी घालून केलेला असतो किंवा पाणी मारलेलं नसतं, उन्हात सुकून आकसलेला असतो. आकसून पडलेल्या भेगा लवकर दिसतात, फुगून पडणाऱ्या उशिरा, आणि त्यात भाग बाहेर उचललेला दिसतो.

ले शॅटेलियरमध्ये फेल आलं तर लॉट लगेच परत पाठवायची घाई नको. त्याच सॅम्पलमधला दुसरा भाग ७५ मिमी जाडीचा पसरून ५० ते ८० टक्के आर्द्रतेत ७ दिवस हवेला ठेवायचा आणि परत टेस्ट करायची. हवेतल्या ओलाव्याने सुटा चुना थोडा विझतो, पण मग सवलत पण कमी होते, १० ऐवजी ५ मिमी, आणि ऑटोक्लेव्हला ०.६ टक्के. तोवर तो लॉट वेगळा रचा, गोण्यांवर खूण करा आणि स्टोअरकीपरला लेखी द्या, कारण नुसतं तोंडी सांगितलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्याच गोण्या मिक्सरपाशी फोडलेल्या दिसतात.